मतदानाचे वय : एकवीसपासून अठरापर्यंत

भारतीय राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदातील ‘एकवीस वर्षे’ हे शब्द काढून त्या जागी ‘अठरा वर्षे’ हे शब्द घालणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली. शब्दसंख्येच्या दृष्टीने ही दुरुस्ती अत्यंत लहान आहे. मात्र तिच्यामुळे देशातील कोट्यवधी तरुण-तरुणींना लोकसभा व विधानसभा निवडणुकांत मतदानाचा अधिकार प्राप्त झाला. हा बदल एका अधिवेशनात झाला असला, तरी त्यामागील वाद किमान दीड दशक चाललेला होता. त्याचे काही धागे तर स्वातंत्र्यपूर्व काळापर्यंत मागे जातात.

एकवीस हे वय कोठून आले?

एकवीस हा आकडा भारतीय परंपरेतील नव्हे. तो इंग्लंडमधील जुन्या सरंजामी प्रथेतून आला. जड चिलखत घालून घोड्यावरून लढण्याची शारीरिक क्षमता तरुणास एकविसाव्या वर्षी येते, असे तेथे मानले जात असे आणि त्याच वयात त्यास वडिलार्जित जमिनीचा ताबा मिळे. पुढे तेच वय संसदीय मताधिकारासही लागू झाले आणि ब्रिटिश वसाहतींच्या कायद्यांत जसेच्या तसे उतरले. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातही प्रांतिक विधिमंडळांच्या मतदारासाठी किमान वय एकवीसच होते. अर्थात त्या कायद्यात वयापेक्षा मोठा अडसर मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्या अटींचा होता. त्यामुळे १९३७ च्या निवडणुकांत सुमारे ३ कोटी लोकांनाच मताधिकार होता.

या अटी दूर करून सर्व प्रौढांना मत द्यावे, ही मागणी राष्ट्रीय चळवळीने लावून धरली. मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ च्या अहवालात एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषास मताधिकार असावा, अशी शिफारस केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सायमन आयोगाच्या कामकाजासंदर्भात मे १९२९ मध्ये मुंबई प्रांतासाठी जो स्वतंत्र अहवाल सादर केला, त्यातही प्रौढ मताधिकाराचाच पुरस्कार होता. या साऱ्या काळात वादाचा विषय ‘कोणत्या वर्गास मत द्यावे’ हा होता, ‘कोणत्या वयास’ हा नव्हता. घटनासमितीतही हीच स्थिती राहिली. बहुसंख्य जनता निरक्षर असताना सरसकट मताधिकार देणे योग्य ठरेल काय, याविषयी काही सदस्यांच्या मनात शंका होती; परंतु एकवीस या आकड्याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

राज्यघटना पूर्ण होण्याआधीच मतदारयाद्यांचे काम हाती घेण्यात आले होते. १ जानेवारी १९४९ रोजी ज्यांचे वय एकवीस वर्षांहून कमी नसेल, अशा व्यक्तींची नोंद करावी, असे आदेश प्रांतांना व संस्थानांना देण्यात आले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर गेली. एवढी मोठी झेप घेतल्यानंतर वयाच्या तीन वर्षांचा प्रश्न त्या पिढीस किरकोळ वाटला असल्यास नवल नाही.

कायद्यातील विसंगती

प्रश्न किरकोळ नव्हता, हे हळूहळू लक्षात येऊ लागले. भारतीय सज्ञानता कायदा १८७५ चा आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी व्यक्ती सज्ञान ठरते. करार करणे, जमीन खरेदी करणे वा विकणे, न्यायालयात स्वतःच्या नावाने दावा दाखल करणे हे सर्व अधिकार तिला त्या वयापासून मिळतात. म्हणजे एकोणीस वर्षांचा शेतकरी स्वतःची जमीन विकू शकत होता, त्यावर शेतसारा भरत होता, पण त्या सारावसुलीचे धोरण ठरविणाऱ्या आमदारास मत देऊ शकत नव्हता. लष्करात तर अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच भरती होता येते. सीमेवर लढण्यास पात्र असलेल्या जवानास मतपत्रिका देण्यास राज्यसंस्था तयार नव्हती.

हाच युक्तिवाद अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात निर्णायक ठरला. तेथील संसदेने मार्च १९७१ मध्ये संमत केलेल्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीस अवघ्या शंभर दिवसांत आवश्यक तितक्या राज्यांची मान्यता मिळाली. ब्रिटनने त्यापूर्वीच, १९६९ च्या कायद्याने, मतदानाचे वय अठरावर आणले होते. कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व इटली हे देश १९७० ते १९७५ या काळात त्याच मार्गाने गेले. आशियात श्रीलंकेने १९५९ मध्येच हे पाऊल उचलले होते, ही गोष्ट भारतातील चर्चेत फारशी आठवली जात नाही. बांगलादेशाने तर १९७२ च्या आपल्या पहिल्याच राज्यघटनेत अठरा वर्षे हे वय स्वीकारले. ज्या ब्रिटिश कायद्यातून भारताने एकवीसचा आकडा घेतला, तो कायदाच बदलल्यावर भारताने मात्र तो आणखी वीस वर्षे जपून ठेवला.

विद्यार्थी रस्त्यावर, मतपेटी दूर

भारतात या मागणीस धार आली ती १९७४ च्या विद्यार्थी आंदोलनांमुळे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या खाणावळीचे दर वाढल्याच्या निमित्ताने असंतोष उफाळला. पाहता पाहता तो गुजरातभर पसरला आणि ‘नवनिर्माण’ आंदोलन म्हणून ओळखला गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि पुढच्या महिन्यात विधानसभा विसर्जित झाली. त्यानंतर बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन उभे राहिले.

यातील विरोधाभास उघड होता. गुजरात विधानसभेची नवी निवडणूक जून १९७५ मध्ये झाली, तेव्हा सरकार पाडणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी ज्यांची एकवीस वर्षे पूर्ण झाली नव्हती, त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता. सरकार घालवता येते, पण निवडता येत नाही, अशी त्यांची अवस्था होती.

जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने निवडणूक सुधारणांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे होते. पुणे जिल्ह्यातील सासवडचे तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांच्या प्रभावाखाली सार्वजनिक जीवनात आलेले आणि नागरी हक्कांच्या चळवळीत अखेरपर्यंत सक्रिय राहिलेले विधिज्ञ. १९७५ मध्ये आलेल्या या समितीच्या अहवालात मतदानाचे वय अठरा करावे, अशी स्पष्ट शिफारस होती. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी जाहीर झाल्याने अहवाल बाजूला पडला. आणीबाणीनंतर सत्तेवर आलेल्या जनता पक्षात जयप्रकाशांचे अनुयायी मोठ्या संख्येने होते. तरीही १९७७ ते १९७९ या काळात घटनेचा ३२६ वा अनुच्छेद तसाच राहिला. विरोधात असताना आग्रहाने मांडलेली सुधारणा सत्तेत आल्यावर मागे पडते, याचे हे एकमेव उदाहरण नव्हे.

राज्यांनी मात्र वाट पाहिली नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्यांच्या कायद्यांनुसार होत असल्याने तेथे वय बदलण्यास घटनादुरुस्तीची गरज नव्हती. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने नगरपालिकांसाठी आणि कर्नाटकात जनता पक्षाच्या सरकारने जिल्हा परिषदांच्या नव्या कायद्याद्वारे अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार दिला. या निवडणुका सुरळीत पार पडल्या. त्यामुळे ‘अपरिपक्व’ मतदारांमुळे अनर्थ ओढवेल, ही भीती अनुभवाच्या कसोटीवर टिकली नाही.

आक्षेप आणि उत्तरे

विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ होते, असे नाही. अठरा ते एकवीस या वयातील बहुतेक तरुण आर्थिकदृष्ट्या पालकांवर अवलंबून असतात; त्यामुळे त्यांचे मत हे घरातील कर्त्या पुरुषाचेच मत ठरेल, असा एक आक्षेप होता. महाविद्यालयांत पक्षीय राजकारण शिरेल, असा दुसरा. विद्यापीठांतील निवडणुकांमध्ये हाणामाऱ्या होत असल्याची उदाहरणे त्यासाठी दिली जात. मताचा अधिकार दिल्याने बेरोजगारीचा प्रश्न सुटणार नाही. तरुणांचा रोष शमविण्याचा हा स्वस्त उपाय आहे, अशी तिसरी टीका होती. ती अधिक गंभीर होती.

पहिला आक्षेप तर्कदृष्ट्या लंगडा होता. घरातील पुरुषाच्या सांगण्यावरून मत पडेल, हे कारण एकेकाळी स्त्रियांना मताधिकार नाकारण्यासाठीही पुढे केले गेले होते. महाविद्यालयीन राजकारणाचा मुद्दाही अर्धाच खरा होता. कारण त्या वयोगटातील बहुसंख्य तरुण महाविद्यालयात नव्हतेच. ते शेतात, गिरणीत, बांधकामावर वा दुकानात काम करीत होते आणि चर्चेत त्यांचा उल्लेख क्वचितच होत असे.

डिसेंबर १९८८

पंतप्रधान राजीव गांधी यांच्या सरकारने १९८८ च्या हिवाळी अधिवेशनात हा विषय मार्गी लावला. १३ डिसेंबर रोजी केंद्रीय मंत्री बी. शंकरानंद यांनी लोकसभेत विधेयक मांडले. शंकरानंद हे बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. मांडतेवेळी विधेयकाचा क्रमांक बासष्टावा होता. मंजुरीच्या वेळी तो एकसष्टावा करण्यात आला. विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात तीन गोष्टी नमूद होत्या : अनेक देशांनी अठरा वर्षे हे वय स्वीकारले आहे; काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी ते लागू केले आहे; आणि आजचा युवक साक्षर, जागरूक व राजकीयदृष्ट्या सजग असून त्यास आपल्या भावना व्यक्त करण्याची संधी मिळाली पाहिजे.

लोकसभेने १५ डिसेंबरला आणि राज्यसभेने २० डिसेंबरला विधेयक संमत केले. काँग्रेसचे लोकसभेतील सदस्यबळ चारशेहून अधिक असल्याने मंजुरीविषयी शंका नव्हतीच. विरोधी पक्षांचाही तत्त्वतः पाठिंबा होता. ही मागणी मूळची आपली असल्याचे त्यांचे म्हणणे होते. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी मान्यता दिल्यानंतर राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी २८ मार्च १९८९ रोजी संमती दिली.

सरकारच्या हेतूविषयी त्या वेळी बरीच चर्चा झाली. बोफोर्स प्रकरणामुळे सरकार अडचणीत होते. जून १९८८ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विजयी झाले होते. सार्वत्रिक निवडणूक वर्षभरावर आली होती. चाळिशीत पंतप्रधान झालेल्या नेत्याकडे नवा मतदार आकृष्ट होईल, असा हिशेब यामागे असल्याचे विरोधक म्हणत. तसा हिशेब असेल तर तो चुकला. नोव्हेंबर १९८९ च्या निवडणुकीत मतदारांची एकूण संख्या सुमारे ५० कोटींवर पोहोचली. १९८४ मध्ये ती सुमारे ४० कोटी होती. या वाढीत लोकसंख्यावाढीचा वाटा होता, तसाच नव्या वयोगटाचाही. काँग्रेसला १९७ जागा मिळाल्या आणि विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. तरुणांनी काँग्रेसविरुद्ध मतदान केले म्हणून असे झाले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. भारतातील तरुण मतदार एकगठ्ठा मत देत नाही. जात, प्रदेश, भाषा, शिक्षण व उत्पन्न यांनुसार तो तसाच विभागलेला असतो, जसे त्याचे आईवडील.

एक जूनचा प्रश्न

वय कायद्यात बदलणे सोपे होते, ते सिद्ध करणे अवघड. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असला, तरी ग्रामीण भागातील असंख्य मुलांचे जन्म नोंदविलेच जात नव्हते. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला हाच आधार ठरे. महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसल्यास गुरुजी ‘१ जून’ अशी तारीख लिहीत असत. परिणामी राज्यात १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या इतकी मोठी आहे, की तो दिवस विनोदाचा विषय झाला आहे.

मतदारयादीच्या संदर्भात या विनोदास गंभीर बाजू आहे. मतदाराचे वय मतदानाच्या दिवशी किती आहे, हे पाहिले जात नाही. ते ‘अर्हता दिनांकास’ किती आहे, हे पाहिले जाते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार हा दिनांक अनेक दशके १ जानेवारी होता. केवळ १९८९ या वर्षापुरता, नव्या मतदारांची नोंद त्याच वर्षी व्हावी म्हणून, तो १ एप्रिल करण्यात आला. तरीही दाखल्यावर १ जून १९७१ ही तारीख असलेला तरुण नोव्हेंबरमधील मतदानाच्या दिवशी अठरा वर्षे पाच महिन्यांचा असूनही मतदार नव्हता. घटनेने त्यास अधिकार दिला होता, दिनांकाने तो अडविला.

ही अडचण पुढे तीन दशकांहून अधिक काळ कायम राहिली. २ जानेवारीस अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या व्यक्तीस जवळजवळ पूर्ण वर्ष थांबावे लागे. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीनंतर १ ऑगस्ट २०२२ पासून वर्षातून चार अर्हता दिनांक आले : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करण्याची सोयही उपलब्ध झाली.

निवडणुका पाच वर्षांनी होतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. एकवीसच्या नियमात, निवडणुकीनंतर काही दिवसांनी एकविसावे वर्ष पूर्ण करणाऱ्या व्यक्तीचे लोकसभेसाठीचे पहिले मत सव्विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर पडत असे. अठराच्या नियमातही अशा व्यक्तीस तेविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते.

नोंदणीची उदासीनता

निवडणूक आयोगाचा स्थापनादिन २५ जानेवारी हा २०११ पासून ‘राष्ट्रीय मतदार दिवस’ म्हणून साजरा केला जातो. नव्याने पात्र ठरलेल्या तरुणांची नोंदणी वाढविणे हा त्यामागील मुख्य उद्देश होता. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी आयोगाने जाहीर केलेल्या आकडेवारीत सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी १८ व १९ वर्षांचे मतदार १.८ कोटींच्या आसपासच होते. लोकसंख्येच्या अंदाजांशी ताडून पाहता या वयोगटातील निम्म्याहूनही कमी तरुणांनी नाव नोंदविले होते. बिहार, दिल्ली व उत्तर प्रदेश येथे हे प्रमाण विशेष कमी आढळले.

याचे कारण केवळ तरुणांची अनास्था, असे म्हणणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. याच वयात मुले-मुली शिक्षणासाठी वा कामासाठी घर सोडतात. गडचिरोलीहून नागपूरला आणि बीडहून पुण्याला आलेल्या विद्यार्थ्याने नाव कोठे नोंदवावे? कायद्याने तो जेथे सामान्यतः राहतो तेथे. पण वसतिगृहाचा वा भाड्याच्या खोलीचा पुरावा देणे त्यास अनेकदा कठीण जाते. लग्न होऊन सासरी गेलेल्या तरुणीची अडचणही याच जातीची. मलेशियाने २०१९ मध्ये वय एकवीसवरून अठरावर आणले, तेव्हा त्याच दुरुस्तीत मतदारनोंदणी आपोआप होण्याची तरतूदही केली. दोन्ही बदल डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आले आणि तेथील मतदारसंख्या २०१८ च्या सुमारे दीड कोटीवरून २०२२ मध्ये दोन कोटी अकरा लाखांवर गेली. भारतात मात्र नोंदणीचा पुढाकार आजही प्रामुख्याने नागरिकालाच घ्यावा लागतो.

सोळाचा वाद

जगात आता वाद अठराच्याही खाली सरकला आहे. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत सोळा व सतरा वर्षांच्या नागरिकांना ऐच्छिक मताधिकार दिला. म्हणजे भारतात अठराचे विधेयक संसदेने संमत केले त्याच वर्षी ब्राझील सोळावर पोहोचला होता. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये, अर्जेंटिनाने २०१२ मध्ये आणि माल्टाने २०१८ मध्ये सोळा हे वय स्वीकारले. ब्रिटनच्या सरकारने सर्व निवडणुकांसाठी वय सोळावर आणण्याचा मनोदय जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. उलट दिशेचे उदाहरणही आहे : इराणने २००७ मध्ये मतदानाचे वय पंधरावरून अठरावर नेले. जपानसारख्या जुन्या लोकशाहीत वीसचे अठरा होण्यास २०१६ साल उजाडले, तर सिंगापूर अद्याप एकवीसवरच आहे.

भारतात सोळाचा प्रस्ताव सरकारी पातळीवर आलेला नाही. मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयोगटातील आरोपीवर प्रौढ म्हणून खटला चालविण्याची मुभा दिली, तेव्हा शिक्षेसाठी प्रौढ आणि मतासाठी अज्ञान, हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. मुलींच्या विवाहाचे वय एकवीस करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, त्या वेळी अठराव्या वर्षी सरकार निवडता येते तर जोडीदार का निवडता येऊ नये, असा प्रश्न विरोधकांनी केला. सतरावी लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले.

देशात सध्या अधिक जिवंत आहे तो उमेदवारीच्या वयाचा वाद. लोकसभा व विधानसभेसाठी किमान पंचवीस आणि राज्यसभा व विधान परिषदेसाठी तीस वर्षे ही अट मूळ घटनेपासून कायम आहे. एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदाराचे वय कमी केले, उमेदवाराचे नाही; त्यामुळे दोहोंतील अंतर चार वर्षांवरून सात वर्षांवर गेले. कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय विषयक संसदीय स्थायी समितीने सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखाली ऑगस्ट २०२३ मध्ये सादर केलेल्या अहवालात हे वय अठरावर आणण्याचा विचार व्हावा, असे सुचविले. निवडणूक आयोगाने त्यास अनुकूलता दर्शविली नाही. अठराव्या वर्षी या जबाबदारीसाठी लागणारा अनुभव व परिपक्वता असण्याची अपेक्षा वास्तववादी नाही, असे त्याचे म्हणणे होते. एकवीसचे अठरा होऊ नये म्हणून १९८८ पूर्वी जी कारणे दिली जात, त्यांच्याशी हे कारण बरेच मिळतेजुळते आहे.

पंचायती व नगरपालिकांसाठी घटनेने उमेदवारीचे वय एकवीस ठेवले आहे. ग्रामसभेत गावातील सर्व मतदार सदस्य असतात. त्यामुळे अठरा वर्षांची मुलगी ग्रामसभेत उभी राहून सरपंचास जमाखर्चाचा हिशेब विचारू शकते. सरपंचपदाची निवडणूक लढविण्यासाठी मात्र तिला आणखी तीन वर्षे थांबावे लागते.